रेल्वे इंग्रजांनी दिली म्हणता, मग बिल कोणी भरलं?

दरवर्षी 16 एप्रिल जवळ आला की ग्रुपवर तोच वाद नव्यानं पेटतो. कोणीतरी 1853 च्या बोरीबंदर ते ठाणे या पहिल्या गाडीचा फोटो टाकतं (बहुतेक वेळा तो त्या दिवसाचा नसतोच, पण ते असो), खाली लिहितं की काहीही म्हणा, इंग्रज आले नसते तर आपण अजून बैलगाडीतच असतो. मग दुसरा गट तुटून पडतो की रेल्वे आपल्यासाठी नव्हतीच, कापूस न्यायला आणि फौजा हलवायला होती, लूट होती सगळी. शंभर कॉमेंट होतात आणि सगळे जिथल्या तिथे. मला दोन्हीकडचे लोक अर्धवट बोलतायत असं वाटतं, आणि त्यांचं जे अर्धं सुटतं तेच नेमकं आज कामाचं आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. रेल्वे कोणी दान दिली नाही, ती आपण विकत घेतली, आपल्या शेतसाऱ्यातून, बाजारभावापेक्षा महाग, आणि ती कुठून कुठे जाणार, तिची इंजिनं कुठे बनणार, वरच्या नोकऱ्या कोणाला मिळणार हे ठरवायचा अधिकार मात्र आपल्याला नव्हता. त्यामुळे आभार मानायचा प्रश्नच येत नाही. पण नुसतं लूट लूट म्हणून विषय संपवला की ज्यांनी ती गाडी घाटातून वर चढवली आणि ज्यांनी तिसऱ्या वर्गाची तिकिटं काढून ती चालवली, ते लाखो लोक इतिहासातून गायब होतात. ते मला मान्य नाही.

आता समोरच्यांचा सगळ्यात दमदार मुद्दा घेऊ, कारण तो उडवून लावण्यासारखा नाही. ते म्हणतात, स्वतंत्र असतो तर आपण रेल्वे बांधलीच असती हे कशावरून? चीन बघा. तिथे 1876 मध्ये शांघायजवळ वूसुंगची छोटी लाईन इंग्रज व्यापाऱ्यांनी टाकली, तर चिनी अधिकाऱ्यांनी ती पुढच्या वर्षी विकत घेऊन उखडून टाकली. 1895 पर्यंत एवढ्या अवाढव्य देशात रेल्वे नावालाच होती, आणि इकडे 1900 च्या आसपास हिंदुस्थानात 40 हजार किलोमीटरच्या घरात रूळ होते. म्हणजे आपलं राज्य असलं की रेल्वे आपोआप येते असं काही नाही, हे मान्य. पेशवे असते तर त्यांनी 1853 मध्ये गाडी सोडली असती का, मला तरी शंका आहे.

पण मग जपान पण बघा ना. जपानने पहिली लाईन 1872 मध्ये टोकियो ते योकोहामा टाकली, आपल्यानंतर 19 वर्षांनी. पैसा लंडनहून कर्जाऊ, इंजिनिअर इंग्रज, इंजिनं इंग्रजी, म्हणजे सुरुवात अगदी आपल्यासारखीच. पण 1880 मध्ये क्योतोजवळ ओसाकायामाचा बोगदा त्यांच्याच इंजिनिअरांनी खणला आणि 1893 मध्ये कोबेच्या कारखान्यातून त्यांचं पहिलं इंजिन बाहेर पडलं. आपल्याकडे जमालपूर, अजमेरला रेल्वेच्या वर्कशॉपात इंजिनं बनवता येतात हे एकोणिसावं शतक संपायच्या आत सिद्ध झालं होतं, तरी ऑर्डरी पुढची कितीतरी वर्षं ग्लासगो आणि मँचेस्टरलाच जात राहिल्या. 1921 मध्ये जमशेदपूरला पेनिन्सुलर लोकोमोटिव्ह कंपनी इंजिनं बनवायची म्हणून निघाली, सरकारी ऑर्डरी काही मिळाल्या नाहीत, तीन-चार वर्षांत गाशा गुंडाळावा लागला. नियमित इंजिनं बनवणारा मोठा कारखाना चित्तरंजनला सुरू झाला 1950 मध्ये, पहिल्या गाडीनंतर 97 वर्षांनी! तंत्रज्ञान दोन्ही देशांत एकाच ठिकाणाहून आलं. मग फरक कशाने पडला? ऑर्डर कोणाला द्यायची ते कोण ठरवतंय, याने.

आता बिलाकडे येतो. 1849 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेशी, म्हणजे ती पहिली गाडी सोडणाऱ्या लंडनच्या कंपनीशी, करार केला त्याच्या अटी बघा. जमीन 99 वर्षांसाठी फुकट. भांडवलावर 5 टक्के व्याजाची गॅरंटी, म्हणजे गाडी तोट्यात चालली तरी लंडनच्या भागधारकाला 5 टक्के मिळणारच, कमी पडतील ते हिंदुस्थानच्या तिजोरीतून. वर आणखी, नकोच वाटलं तर सहा महिन्यांची नोटीस देऊन अख्खी लाईन सरकारच्या गळ्यात मारायची आणि घातलेलं भांडवल परत घ्यायचं. धंद्यातला सगळा धोका रयतेच्या डोक्यावर, आणि भागधारकांत हिंदी माणूस शेकडा एकसुद्धा नाही. असल्या अटी असतील तर काटकसर करणार कोण? गव्हर्नर जनरल डलहौसीच्या वेळचा अंदाज मैलाला 8 हजार पौंडांचा होता, प्रत्यक्षात पहिल्या लाईनी सरासरी 18 हजारांच्या आसपास गेल्या. हे मी म्हणतोय म्हणून सोडून देऊ नका. हिंदुस्थान सरकारचा माजी अर्थसदस्य विल्यम मॅसी यानेच 1872 मध्ये पार्लमेंटच्या कमिटीपुढे सांगितलं की भांडवलदाराला 5 टक्के पक्के असल्यामुळे त्याचा पैसा हुगळीत फेकला काय किंवा विटा-चुन्यात घातला काय, त्याला सारखंच.

यावर एक उत्तर ठरलेलं असतं, की घाट होते, नद्या होत्या, खर्च होणारच. बरं, सह्याद्रीचं मान्य. पण गंगेच्या सपाट मैदानातून जाणारी ईस्ट इंडियन रेल्वे कुठे स्वस्तात झाली? तिथे कुठला भोर घाट होता? दुसरं उत्तर जरा वजनदार आहे, की गॅरंटी नसती तर लंडनचा पैसा इतक्या लांब आलाच नसता, आणि मुंबईचे शेठ लोक 5 टक्क्यांवर पैसे लावायला तयार नव्हते कारण बाजारात त्याच्या दुप्पट-तिप्पट व्याज मिळत होतं. हे खरंय, अगदी खरंय. पण सरकारला स्वतःला कर्ज त्याहून स्वस्त, 4 टक्क्यांच्या आसपास मिळत होतं. मग सरकारने स्वतः कर्ज काढून रेल्वे का नाही बांधली? पुढे बांधलीच की! 1869 मध्ये व्हाइसरॉय लॉरेन्सने नेमकं हेच मांडलं की फायदा झाला तर कंपनीचा आणि तोटा झाला तर सरकारचा, हे बास, आता सरकारच बांधेल. म्हणजे पर्याय होता, तो सुचत पण होता, फक्त पहिल्या वीस वर्षांत तो कोणाला सोयीचा नव्हता.

आणि हे काही दीडशे वर्षांपूर्वीचं मेलेलं प्रकरण नाही. 1990 च्या दशकात दाभोळला एन्रॉन ही अमेरिकन वीज कंपनी आली तेव्हा काय झालं आठवा. वीज लागो न लागो, पैसे द्यायचेच असा करार, परताव्याची हमी 16 टक्क्यांची भाषा, राज्याची गॅरंटी आणि त्यावर केंद्राची काउंटर गॅरंटी. 2001 मध्ये वीज मंडळाला ती वीज परवडेना म्हणून खरेदी थांबली. त्यावेळी पण हेच ऐकवलं जायचं की परदेशी भांडवल हवं असेल तर गॅरंटी द्यावी लागते, विकास फुकट होत नाही. जीआयपीचा करार ज्यांनी नीट वाचला असेल त्यांना दाभोळचा करार वाचताना काहीच नवीन वाटलं नसेल. म्हणून म्हणतो, दिली की लुटली यावर भांडण्यापेक्षा करारातली कलमं वाचा, तिथे जास्त कळतं.

आता दुसऱ्या बाजूला वळतो, कारण लूटवाल्यांचं पण सगळं पटत नाही. त्यांच्या गोष्टीत इंग्रज सगळं करतो आणि आपण फक्त सोसतो. खरं तर 1845 मध्ये मुंबईत रेल्वेसाठी जी खटपट सुरू झाली तिच्यात नाना शंकरशेठ होते, जमशेटजी जीजीभॉय होते. त्यांनी काही देशसेवा म्हणूनच हे केलं असं मी म्हणणार नाही, व्यापारी माणसं होती, मुंबई बंदरात माल लवकर यावा हा हिशोब होताच. पण हिशोब त्यांचा होता. बांधकामात जमशेटजी दोराबजींसारखे पारशी कंत्राटदार होते आणि त्यांनी लांबच लांब टप्पे वेळेत पुरे केले. ही माणसं कुठल्या खान्यात टाकणार, लुटारू की लुटलेले?

आणि भोर घाट. पायथ्यापासून लोणावळ्यापर्यंत साधारण 1,800 फुटांची चढण, 25 बोगदे, काम 1856 ते 1863. कंत्राटदार फेव्हिएल मजुरी वेळेवर देईना म्हणून 1859 मध्ये मजुरांनी दंगा केला, मारामारी झाली, चौकशी बसली, शेवटी त्याने कंत्राट सोडलं. पुढचा ट्रेडवेल आला आणि काही आठवड्यांतच आजारानं मेला, मग त्याच्या बायकोने, अ‍ॅलिस ट्रेडवेलने, दोन इंजिनिअर हाताशी धरून ते काम तडीला नेलं. ही गोष्ट हल्ली आवडीने शेअर होते, होऊ दे, बाई कर्तबगार होतीच. पण 1861 च्या सुमारास तिथे एका वेळी 40 हजारांवर मजूर राबत होते, बायका-पोरं धरून, कॉलऱ्याने आणि तापाने पटापट मरत होते, सुरुंगाने कडे फोडताना दोराला लटकून काम करत होते, त्यांच्यातलं एक नाव सांगा बरं. एकही सांगता येत नाही. मेले किती याचा नीट आकडासुद्धा कोणी ठेवला नाही. मग इंग्रजांनी घाट बांधला हे वाक्य आपण इतक्या सहज कसं बोलतो?

मार्ग कुठून गेले हे पण बघण्यासारखं आहे. दुसरी लाईन थळ घाट चढून खानदेशातून वऱ्हाडात शिरली, 1867 मध्ये नागपूरला पोचली, कारण वऱ्हाडात कापूस होता आणि अमेरिकेतल्या यादवी युद्धात मँचेस्टरच्या गिरण्यांची उपासमार झालेली. खामगावसारख्या बाजारगावाला 1870 मध्ये खास शाखा मिळाली आणि तिच्यासाठी व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आला. आता कोकण घ्या. मुंबईच्या गिरण्या ज्या माणसांच्या जिवावर चालल्या ती रत्नागिरीकडची माणसं, आणि ती यायची बोटीने, नाहीतर पायी घाट चढून. कापसाला रेल्वे मिळाली, कापसाचं कापड काढणाऱ्याला नाही. रोह्याच्या पुढे थेट गाडी जायला 1998 साल उजाडावं लागलं, पहिल्या गाडीपासून 145 वर्षं! त्यातली 50 वर्षं आपल्याच सरकारची, हेही लूटवाल्यांनी लक्षात ठेवायला हवं.

ज्यांचं नुकसान झालं त्यांच्याबद्दल तर कोणीच बोलत नाही. लमाणांचे तांडे कोकणातून मीठ वर न्यायचे आणि देशावरचं धान्य खाली आणायचे, हजारो बैलांची ती वाहतूक होती. रूळ आले, सडका सुधारल्या, धंदा एका पिढीत बसला, आणि रिकाम्या हातानं फिरणारी माणसं बघून सरकारने 1871 च्या कायद्यानंतर अशा भटक्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारायला सुरुवात केली. आधी पोटावर पाय आणि मग वर पोलीस. नवी गावं उभी राहिली हे खरं, भुसावळ, मनमाड, इगतपुरी ही रेल्वेनेच मोठी केलेली, पण तांड्याचा बैल विकून मनमाडला पॉइंट्समन झालेला लमाण किती सापडेल?

दुष्काळाच्या मुद्द्यावर मात्र मला लूटवाल्यांना थांबवावंसं वाटतं. रेल्वेने धान्य बाहेर नेलं म्हणून लोक मेले, हे वाक्य आपण फार पटकन बोलतो. 1876 ते 78 च्या दुष्काळात दख्खन आणि मद्रासेत मिळून 50 लाखांहून जास्त माणसं गेली आणि त्याच काळात देशातून धान्य निर्यात होत होतं, हे खरंच आहे. पण ज्या भागात रूळ होते तिथे बाहेरून धान्य पोचवता तरी येत होतं, आणि डेव्ह डोनाल्डसनसारख्या अर्थशास्त्रज्ञाने जुने आकडे बारकाईने तपासून दाखवलंय की ज्या जिल्ह्यांत रेल्वे आली तिथलं शेतीचं खरं उत्पन्न सरासरी 16 टक्क्यांच्या आसपास वाढलं. हे नाकारून चालणार नाही. तरी एक गोष्ट त्या सरासरीत दिसत नाही. गाडी धान्य आणते ती जिथे भाव मिळेल तिथे, भूक असेल तिथे नाही. गावात धान्याचा वॅगन उभा आहे आणि मजुराकडे दमडी नाही, तर त्याला रेल्वेचा काय उपयोग? 1896-97 आणि 1899-1900 चे भयंकर दुष्काळ रेल्वेचं जाळं विणून झाल्यावरच पडले ना. लोकांना वाचवायला रेल्वे लागते, पण रेल्वेबरोबर मजुरीची कामं, साऱ्यात सूट आणि सरकारची नियतही लागते.

उत्पन्न वाढलं तसा धोकाही आला. कापसाचा भाव आता लिव्हरपूलला ठरायचा. अमेरिकेतल्या त्या युद्धाच्या तेजीत शेतकऱ्यांनी जमिनी गहाण टाकून कर्ज काढलं, 1865 नंतर भाव कोसळले, सारा मात्र वाढवून ठेवलेला, आणि 12 मे 1875 ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात कुणब्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जखतं जाळली. सुप्यापर्यंत काही रूळ गेले नव्हते, पण लिव्हरपूलचा बाजार गेला होता.

आणि प्रवासी! सुरुवातीला कितीतरी साहेबांना वाटायचं की हिंदू माणूस जातीबाहेरच्यांना चिकटून बसणार नाही, पैसे खर्चून फिरणार नाही, तेव्हा कमाई होईल ती मालाचीच. झालं उलटं. लोक तिसऱ्या वर्गावर तुटून पडले आणि प्रवासी भाड्याची कमाई मुख्यतः त्या कोंबलेल्या डब्यांतून व्हायला लागली, ज्यांत कित्येक वर्षं संडासाची सोयसुद्धा नव्हती. पंढरपूरची वारी बघा. बार्शी लाईट रेल्वे 1897 मध्ये कुर्डुवाडीहून बार्शीला निघाली ती कापूस आणि धान्य डोळ्यासमोर ठेवून, पण 1906 मध्ये पंढरपूरला पोचली आणि वारकऱ्यांनी डब्यांचे टप भरले. पायी दिंडी काही थांबली नाही, वर गाडीने येणारे वाढले. ज्याच्यासाठी रेल्वे आखली त्याच्यापेक्षा वेगळ्याच माणसांनी ती आपली करून टाकली, आणि हे कोणत्याही व्हाइसरॉयच्या योजनेत नव्हतं.

मग रेल्वेने जात मोडली असं म्हणायचं का? इथे उत्साही लोक फार पुढे जातात. तिकीट खिडकीवर जात विचारत नव्हते, हे मोठंच होतं. पण 1901 मध्ये छोटा भीमराव घरच्या मुलांबरोबर सातारहून वडिलांना भेटायला निघाला, वडील सातारा जिल्ह्यातल्याच गोरेगावला दुष्काळी कामाच्या तलावावर कॅशिअर होते. पोरं चांगल्या कपड्यांत, गाडीचा प्रवास मजेत झाला. मसूर स्टेशनवर उतरल्यावर स्टेशनमास्तरने कोण तुम्ही विचारलं, पोरांनी सहज सांगितलं की महार, आणि मास्तरचा चेहराच बदलला. एकही बैलगाडीवाला न्यायला तयार होईना, शेवटी दुप्पट भाडं देऊन पोरांनी स्वतः गाडी हाकायची अशा अटीवर एक जण कबूल झाला, आणि रात्रभर कोणी पाणी दिलं नाही. आंबेडकरांनी हे स्वतः लिहून ठेवलंय. त्या एका प्रवासात रेल्वे काय करू शकते आणि काय नाही ते सगळं आलं. डब्यात सगळे एकत्र बसले, प्लॅटफॉर्मवर उतरले की गाव जसंच्या तसं उभं. रेल्वेने त्या मुलाला निघायची वाट दिली असं फारतर म्हणता येईल, पुढची लढाई त्यालाच लढावी लागली.

आणि आपल्या जुन्या टीकाकारांना आता रेल्वेविरोधी ठरवलं जातं ते मला फार खटकतं. अर्थशास्त्राचे अभ्यासक ग. व्यं. जोशी म्हणत होते की रेल्वेवरचा हा खर्च म्हणजे हिंदुस्थानने ब्रिटिश उद्योगाला दिलेली सबसिडी समजा. टिळकांनी तर याला दुसऱ्याच्या बायकोला नटवण्याची उपमा दिली होती (आज अशी उपमा चालणार नाही, पण रोख कळतो). दादाभाईंचं सांगणं होतं की इतर देशांत रेल्वेचा फायदा देशातच राहतो, इथे तो बाहेर जातो. यातला कोणी रूळ उखडा म्हणत होता का? 1899 मध्ये जीआयपीच्या हिंदी सिग्नलरांनी संप केला तेव्हा केसरी आणि मराठाने त्यांची बाजू महिनोन्महिने लावून धरली. त्यांचा प्रश्न कायम एकच, पैसा कोणाचा, नफा कोणाचा आणि ठरवतो कोण.

तोच प्रश्न कोकण रेल्वेलाही लागू होतो. ती आपली, आपल्या लोकांनी मागितलेली, मधू दंडवते आणि जॉर्ज फर्नांडिस यांनी रेटलेली, इंजिनिअर ई. श्रीधरन यांनी अवघड डोंगरांतून बांधून दाखवलेली, पैसे बरेचसे बाँडमधून उभारलेले, भागीदारीत केंद्र आणि चार राज्यं, त्यात सुरुवातीला महाराष्ट्राचा वाटा 22 टक्के. तरी रत्नागिरी, सिंधुदुर्गच्या कितीतरी स्टेशनांवर लांब पल्ल्याच्या गाड्या न थांबता निघून जातात, गणपतीला चाकरमान्यांची तिकिटं मिळत नाहीत, आणि थांबा वाढवा म्हणून निवेदनं जातच असतात. त्या निवेदनांची उत्तरं कोण देतं आणि कशाच्या आधारावर देतं, यावर एखादा 16 एप्रिल खर्च केला तर मला तो वाद वाचायला आवडेल.